हिवाळ्यात कीटक जातात कुठे?

कीटकांच्या शरीराला स्वतःची कायम ऊब नसते. हवा गारठली की त्यांचेही अंग गारठते आणि हालचाल मंदावते. जिथे बर्फ पडते तिथल्या अनेक कीटकांच्या शरीरात हिवाळ्याआधी ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठतात आणि त्यामुळे अंगातले पाणी गोठत नाही. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या माले परिसरात अशी वेळ येत नाही. पुणे शहरात नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे (जानेवारी १९३५), म्हणजे शून्याच्या वरच. इथली खरी परीक्षा कोरड्या दिवसांची असते. जवळच्या ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नोव्हेंबरपासून माती वाळत जाते, कोवळा पाला उरत नाही. कीटकांच्या दृष्टीने हिवाळा आणि उन्हाळा मिळून हा एकच लांबलचक पडता काळ असतो.

त्यातून तगण्याचा मुख्य उपाय म्हणजे सुप्तावस्था. ही साधी झोप नव्हे. दिवसाची लांबी, ओलावा, तापमान यांच्या खुणा ओळखून शरीरातली संप्रेरके वाढच थांबवतात आणि अन्नाची गरज अगदी कमी होते. भाताच्या खाचरात याचे नेमके उदाहरण दिसते. कापणी झाली की पीक संपले असे वाटते, पण खोडकिड्याची अळी खोडातून खाली सरकून धसकटाच्या बुडाशी दडून बसलेली असते. म्हणूनच कापणीनंतर लगेच नांगरट करून धसकटे वेचून नष्ट करण्याची शिफारस केली जाते. औषध फवारण्यापेक्षा हा उपाय केव्हाही शहाणपणाचा, कारण तो शत्रूला सर्वांत दुबळ्या वेळी गाठतो.

हुमणीचे तंत्र आणखी धीराचे आहे. पावसाळ्यात मुळे कुरतडणारी अळी पुढे जमिनीत खोल जाऊन कोषात जाते. हिवाळ्यात कोषातून भुंगेरा तयार होतो, तरीही तो बाहेर न पडता मातीतच निश्चल राहतो. वळवाच्या सरी पडल्या की संध्याकाळी असे भुंगेरे झुंडीने निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. मे-जूनमध्ये झाडे उजळवणारे काजवेही वर्षातला बहुतेक काळ जमिनीलगत अळीच्या रूपात काढतात. गोगलगायी हे या अळ्यांचे आवडते खाद्य.

काही कीटक लपण्याऐवजी रूप बदलतात. संध्याकाळी उडणाऱ्या मेलानिटिस लेडा या तपकिरी फुलपाखराच्या पावसाळी पिढीच्या पंखांवर ठळक डोळे असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि मिटलेले पंख हुबेहूब वाळल्या पानासारखे दिसतात.

काही जागाच सोडतात. आग्या मधमाश्या फुलोरा पाहून मोहोळ हलवतात. पावसानंतर उघड्यावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर मालदीव बेटांवरून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. सातेरी मधमाश्या मात्र ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहून, पंखांचे स्नायू थरथरवून पिलाव्याभोवती ३३ ते ३५ अंशांची ऊब टिकवतात.

घरात शिरण्याची कारणेही इथे वेगळी आहेत. युरोप-अमेरिकेत ढालकिडे आणि ढेकण्यांच्या जातीचे काही किडे थंडी चुकवायला घरांच्या फटीत जमतात. केरळमध्ये रबराच्या मळ्यांजवळ मुपली नावाचे काळे भुंगेरे उन्हाळी सरींबरोबर लाखोंनी घरात घुसतात आणि पुढचे कित्येक महिने छपरात सुप्त पडून राहतात. आपल्याकडच्या घरात पाहुणे येतात ते आडोसा, ओल आणि धान्य यांसाठी. वळचणीला मातीची घरटी बांधणारी कुंभारमाशी आत लुळे केलेले कोळी किंवा अळ्या ठेवून अंडे घालते. तिची अळी त्यावर पोसून तिथेच कोष करते. हिच्यापासून माणसाला सहसा धोका नाही, घरटे पाडण्याचे कारणही नाही.

धान्यातल्या किडीची गोष्ट निराळी. वाळवणामुळे दाण्यातला ओलावा घटला की सोंडकिड्यांची वाढ खुंटते. खपरा भुंगेऱ्याच्या अळीला मात्र कोरडेपणा मानवतो. अन्न संपले तरी ती भिंतीच्या भेगांत सुप्त राहून काही वर्षेसुद्धा काढू शकते. त्यामुळे नवे भात नुसते वाळवून भागत नाही. रिकामी कणगी झाडून, जुने दाणे काढून, भेगा लिंपून मगच ती भरावी लागते.