पॉलिशच्या पाठीमागचे लाकूड

(बी. ए. भाग २)

मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. खरबूज घेताना देठाशी नाक नेतो, कापडाचा धागा ओढून पाहतो, आणि पावभर वांगी घेताना एकेक वांगे चार वेळा फिरवतो. पण पलंग किंवा कपाट घ्यायला गेलेला माणूस दुकानात शिरला की एकदम पाहुण्यासारखा वागू लागतो. वस्तूच्या समोर उभा राहतो, पॉलिशवरून एकदा हात फिरवतो, “छान आहे” म्हणतो आणि किंमत विचारतो. जिचे वर्षभर हप्ते भरायचे ती वस्तू उलटी करून पाहायचा त्याला संकोच वाटतो. हा संकोच जावा, एवढ्यासाठीच हा लेख.

माझे वडील सुतार. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. अंकासाठी मैत्रिणी कथा-कविता देत होत्या. मला कविता जमत नाही, म्हणून घरात जे कानावर पडले तेच लिहायचे ठरवले. रंधा कधी माझ्या हाती कोणी दिला नाही, पण पॉलिशपेपर घासण्याचे काम सातवीपासून माझ्याकडे आहे, आणि घासणाऱ्याच्या बोटांना लाकडाचे सगळे अवगुण कळतात. बाबा हल्ली घरी फारसे काम घेत नाहीत, रोजाने एका फर्निचरच्या कारखान्यात जातात. तिथे सांध्यात फट राहिली तर ती लांबीने भरायची, गाठ निसटून भोक पडले तर सरसात भुसा कालवून बुजवायचे आणि वरून रंग मारायचा, हेही त्यांनाच करावे लागते. मालक सांगतो आणि संध्याकाळी रोजी घ्यायची असते. म्हणून फर्निचरमध्ये काय कुठे दडलेले असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. ओळखीचे कोणी सल्ला विचारायला आले की ते एवढेच म्हणतात, “पॉलिश नको पाहू भाऊ, पाठ पाह.”

पाठ म्हणजे जी बाजू भिंतीकडे जाणार ती. तसेच टेबलाच्या फळीचा खालचा भाग, खणाचा तळ, पलंगाच्या पाट्यांची आतली अंग. या जागी पॉलिश पोचलेले नसते, किंवा पोचले तरी एकच हात मारलेला असतो. समोर सागवान आणि पाठीला आंब्याची फळी, असे पुष्कळदा असते. ही लबाडीच असते असे नाही. पाठीला हलके लाकूड लावून भाव कमी ठेवणे हा जुना रिवाज आहे, आणि दुकानदाराने ते आधी सांगितले तर त्यात वावगे काही नाही. न सांगता सगळ्या वस्तूचे पैसे सागवानाच्या भावाने घेतले तर मात्र आहे.

आमचा चंद्रपूर जिल्हा सागवानाचा. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागणारे सागवान बल्लारपूरच्या आगारातून गेले, तेव्हा गावोगाव त्याची चर्चा होती. शेजारच्या गडचिरोलीत आलापल्लीला जुन्या सागवानाचे सहा हेक्टरांचे जंगल राखलेले आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. असे असूनही आमच्याच बाजारात ‘सागवान’ म्हणून काय काय विकले जाते ते सांगायला नको. खरे जुने सागवान सोनेरी तपकिरी असते आणि दिवसांगणिक गडद होत जाते. त्यात वर्षा-वर्षाच्या रेषा स्पष्ट दिसतात. न रंगवलेल्या जागी बोट घासले तर किंचित तेलकट लागते, आणि ताजे तासले तर कातड्यासारखा वास येतो. त्याची टिकाऊ कीर्ती त्या तेलकट गाभ्यामुळे आहे; वाळवी गाभ्याला सहसा लागत नाही. पण सालीखालचा जो फिकट पांढुरका थर असतो त्यात हा गुण नाही. झाड लवकर तोडले की गाभा थोडा आणि पांढरे फार. अशा फळीचे बिल करताना दुकानदार सागवान लिहील आणि ते खोटेही ठरणार नाही. किडा मात्र ते वाचून थांबत नाही. पांढरा पट्टा लपवायचा सोपा उपाय म्हणजे गडद रंग. म्हणून फार काळपट चॉकलेटी पॉलिश दिसले की पाठ अधिक नीट पाहावी.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडची शिसव निराळी आणि उत्तरेकडून येणारे शीशम निराळे. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही चांगली, पण शिसव जास्त काळी, जड आणि महाग. बोलण्याच्या ओघात एकीचे पैसे घेऊन दुसरे दिले जाते. ‘टीक फिनिश’ या शब्दात तर टीक नसतेच, फक्त तिचा रंग असतो. आणि सागवान नसले म्हणजे वस्तू वाईट, असेही नाही. बीजा उत्तम, शिवण हलकी आणि न वाकणारी. बाभूळ इतकी चिवट की आमच्याकडे वखराला, गाडीला तीच लागते. आंब्याचे लाकूडसुद्धा नीट वाळवून, औषध लावून वापरले तर गरिबाच्या घरात वर्षानुवर्षे टिकते. बारीक टाचणीएवढी भोके मात्र पाहावीत. भोकाखाली पिठासारखी भुकटी पडलेली असली तर किडा आत जिवंत आहे असे समजून ती वस्तू घरात आणू नये, कितीही स्वस्त असो.

आता वाळवण्याविषयी थोडे सविस्तर, कारण घात बहुधा इथेच होतो. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. आणि एकदा वाळले म्हणजे संपले असेही नाही. पावसाळ्यात ते दमट हवा पिऊन फुगते, उन्हाळ्यात पुन्हा आखडते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि जुलैत कपडे वाळत नाहीत, तेव्हा लाकडाची किती ओढाताण होत असेल याची कल्पना करावी. जुने कारागीर दाराच्या चौकटीतली फळी चारी बाजूंनी खाचेत नुसती बसवीत, सरस लावून जखडत नसत, ते यासाठीच. फळीला हलायला जागा असली की ती तडकत नाही. दुकानात अशा फळीच्या कडेला रंगाची बारीक न रंगलेली रेघ दिसली तर नाक मुरडू नये. फळी मोकळी आहे, एवढाच त्याचा अर्थ. खणाचेही तसेच. मे महिन्यात खण अगदी घट्ट बसत असेल तर ऑगस्टमध्ये तो उघडणार नाही. ओले लाकूड ओळखायची खूण म्हणजे वजन. एकाच मापाच्या दोन खुर्च्यांत एक फार जड लागली तर ती मजबूत म्हणून आनंदू नये. फळीच्या टोकाला चिरा आहेत का आणि डोळा लावून पाहिले तर फळी सरळ दिसते का, हेही पाहावे.

सांध्यांची परीक्षा सर्वांत सोपी आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती मागे-पुढे, मग आडवी हलवा. करकरली तर सांधा ढिला आहे. टेबलाचा एक पाय थोडा उचला. दुसऱ्या बाजूचा पाय लगेच सोबत उठला पाहिजे, मध्ये लचक नको. सुतळी घेऊन कपाटाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मापा, मग दुसरे दोन कोपरे मापा. दोन्ही मापे सारखी आली नाहीत तर कपाट काटकोनात नाही, आणि त्याची दारे कधीच नीट मिटणार नाहीत. हे शाळेत भूमितीत शिकले तेव्हा मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितले होते. बाबा सुतळी गुंडाळत नुसते हसले. आपल्या ग्रंथालयातील जुन्या लांब टेबलाखाली एकदा वाकून पाहा. आडव्या पट्टीचे टोक पायाच्या खाचेत आत गेले आहे आणि आरपार एक लाकडी खुंटी मारली आहे. खिळा एकही नाही. त्यावर आजवर किती विद्यार्थी कोपरे टेकून डुलक्या घेत बसले असतील, पण ते हललेले नाही. आजच्या मालात हाच सांधा दोन खिळे आणि भरपूर फेव्हिकॉलवर उभा असतो, आणि वरून लांबी.

दाबून तयार केलेल्या बोर्डांची गोष्ट वेगळी. प्लायवुड वाईट नव्हे. त्यावर आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक असतो. ७१० म्हणजे पाण्यात टिकणारी मरीन प्लाय, ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराची. पण पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे लाकडाचा चुरा किंवा तंतू गोंदाने दाबून केलेले. ते ओळखायचे असतील तर कड पाहा, किंवा बिजागरीसाठी पाडलेल्या भोकात बोट घाला. खऱ्या लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात. इथे रेषा कडेशी येऊन कागदासारख्या संपतात आणि आत बिस्किटासारखा भुगा दिसतो. पुस्तकाचे कपाट करायला ते चालेल. पाणी आणि स्क्रू या दोन गोष्टी मात्र त्याला सोसत नाहीत. पाणी लागले की फुगते आणि फुगलेले पुन्हा बसत नाही. स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नात हप्त्यांवर पलंग दिला. दुकानात ‘सागवानी’ असे तोंडाने सांगितले होते. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या फडक्याने फरशी पुसून पुसून पलंगाचे पाय फुगले आणि बाजूची पाटी स्क्रूसकट उपटून आली. बाबा दुरुस्तीला गेले तेव्हा मीही सोबत गेले होते. आत भुगाच भुगा. त्यांनी आतून बाभळीचे ठोकळे बसवून स्क्रू त्यांत आवळले आणि पैसे घेतले नाहीत. तोवर सात हप्ते बाकी होते. त्या ताईला सासरी पलंगावरून जे ऐकावे लागले, ते मात्र कोणत्या ठोकळ्याने भरून निघणार होते? आपल्याकडे लग्नातले सामान म्हणजे माहेरची पत असते. ती पद्धत चांगली नाही हे मला कळते, पण आहे तोवर निदान त्यात फसवणूक तरी होऊ नये.

फसवणूक टाळण्याचा एक उपाय असा आहे की त्याला लाकूड ओळखावेही लागत नाही, फक्त हिशेब लागतो. लाकूड घनफुटावर विकले जाते. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एक इंच जाड फळीचे टेबल धरा. फळी ८ चौरस फूट, जाडी एक इंच, म्हणून १२ ने भागून ०.६७ घनफूट. अडीच फूट उंचीचे आणि अडीच इंच चौरस असे चार पाय, त्यांचे ०.४३. फळीखालच्या चार आडव्या पट्ट्या मिळून दहा फूट, चार इंच रुंद, एक इंच जाड, त्यांचे ०.२८. एकूण जवळपास १.४ घनफूट; कापण्या-तासण्यात जाणारे धरून पावणेदोन. मग दुकानात जाण्याआधी वखारीत जाऊन त्या दिवशीचा सागवानाचा भाव विचारावा आणि गुणाकार करावा. टेबलाची सांगितलेली किंमत नुसत्या लाकडाच्या किमतीपेक्षाही कमी येत असेल, तर ते सागवान नाही, किंवा सगळे सागवान नाही. सुताराची मजुरी, पॉलिश, दुकानाचे भाडे अजून धरलेलेच नाही. मोबाइलवर फोटो पाहून मागवणाऱ्यांनाही हा हिशेब करता येतो, कारण लांबी-रुंदी आणि वजन तिथे लिहिलेले असते, आणि वस्तू उलटी करून पाहण्याची सोय नसते.

सौदा ठरला की बिलावर नुसते ‘डबल बेड १’ असे लिहून घेऊ नये. लाकडाचे नाव, पाठीला आणि तळाला काय लावले आहे ते, प्लाय असेल तर तिचा क्रमांक, हे सगळे लिहून मागावे. काही दुकानदार लगेच लिहून देतात. काहींचा पेन इथे अडतो आणि ते चहा मागवतात. चहा प्यावा, आणि पुढच्या दुकानात जावे.