फिल्मवर न उरलेले आकडे

दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा डोक्याचा प्लेन सीटी पडद्यावर उघडला, आणि रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आधी माउसचं चाक फिरवायला घेतलं. कवटीच्या तळापासून टाळूपर्यंत, मग पुन्हा खाली. डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हे आधी पाहायचं. मेंदूच्या विंडोत सगळं ठीक वाटत होतं. त्यांनी माउसचं बटण दाबून आडवं ओढलं, विंडो रुंद झाली आणि उजव्या बाजूला कवटीच्या आतल्या कडेला एक पातळ पट्टी हाडापासून सुटी झाली. रक्त होतं ते. मघाशीही ते तिथंच होतं, पण हाडाच्या पांढऱ्यात मिसळून गेलेलं.

हे कसं होतं, ते त्यांनी मला आकड्यांत समजावलं. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू साधारण २५ ते ४०, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ८०, घट्ट हाड हजाराच्या घरात. हा सगळा पल्ला एकदम राखाडी छटांत बसवला, तर मेंदू आणि रक्त यांतला फरक डोळ्याला कळणारच नाही. म्हणून मेंदूसाठी ० ते ८० एवढाच तुकडा निवडतात; हा तुकडा म्हणजेच विंडो. त्यावरचं सगळं पांढरं. सत्तरच्या घरातलं रक्त या तुकड्यात जवळजवळ पांढरंच दिसतं, शेजारी हाडही पांढरं, आणि पातळ थर नजरेतून निसटतो. तुकडा दोनशेपर्यंत वाढवला की रक्त राखाडीत उतरतं, हाड पांढरंच राहतं.

या आकड्यांना गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचं नाव आहे. १९७१ साली लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. तेव्हाचं चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं होतं. आज एक स्लाइस सहसा ५१२ गुणिले ५१२ ची असते आणि एका तपासणीत अशा शेकडो स्लाइस येतात. त्या ज्या डायकॉम फायलींत साठवतात, त्यांत आकडे शाबूत राहतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेला सीटी दुसऱ्या गावात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा नव्यानं पाहता येतो. मूत्रपिंडातल्या गाठीवर माउसनं वर्तुळ काढलं की आतल्या आकड्यांची सरासरी समोर येते. ती पाण्याच्या आसपास असली, तर ती पाण्याचीच गाठ असण्याची शक्यता मोठी. स्लाइस पुरेशा पातळ असतील तर आडव्या कापांतून उभे कापही रचता येतात. थ्रीडी स्लाइसरसारखं सॉफ्टवेअर तर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं; मात्र ते संशोधनासाठी आहे, निदानासाठी नाही, हे त्याचे कर्तेच स्पष्ट सांगतात.

फिल्म छापली की आकडे जातात, निवडलेली विंडो तेवढी उरते. आणि आपल्याकडे माणसं जपतात ती फिल्मच. मोठ्या पाकिटात, कपाटावर, वर्षानुवर्षं. सोबतची सीडी कुठंतरी हरवते. हल्ली तर फिल्म खिडकीवर धरून मोबाइलनं फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. त्यावरून दुसरं मत मागणाऱ्याची तळमळ खरी असते, पण डॉक्टरांच्या हाती फार थोडं पोचतं.

दुपारी एक काका असेच फोटो घेऊन आले. बायकोचा सीटी दुसऱ्या गावी झाला होता. मॅडमनी फोटो पाहिले, मोबाइल परत दिला.

"काका, सीडी दिली होती का त्यांनी?"

"दिली असंल. बघाय लागंल."

"नसली तर तिथं जाऊन मागा. नुसते फोटो भरून देतील, ते नकोत. डायकॉम फायली द्या म्हणायचं. पातळ स्लाइसचा संच लवकर मागा, काही ठिकाणी तो फार दिवस ठेवत नाहीत."

काकांनी फिल्मचं पाकीट पुढं केलं. "ह्याच्यावरच लिहून द्या, मॅडम." मॅडमनी ठळक अक्षरांत लिहून दिलं.