मामा, गाडी कोणची घेऊ?

घरात साधा मिक्सर घ्यायचा झाला तरी आपण मध्यमवर्गीय माणसे शेजारच्या वहिनींपासून कचेरीतल्या साहेबांपर्यंत दहा जणांना विचारतो, आणि अखेर दुकानदार जो पुढे करील तोच घेऊन घरी येतो. मिक्सर बिघडला तर फार तर चार दिवस चटणी पाट्यावर वाटावी लागते. मोटार गॅरेजात पडली तर रिक्षाने हिंडावे लागते. त्यामुळे ‘भरवशाची वस्तू’ हे शब्द आपल्या तोंडून फार सहज निघतात. पण ज्या घराचे पोटच गाडीच्या चाकांवर आहे, त्या घरात भरवसा या शब्दाला केवढे वजन असते, हे मला धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, माझ्या थोरल्या बहिणीकडे पाहायला मिळाले.

माझा भाचा दुधाची ‘लाईन’ चालवतो. शहरी वाचकांसाठी सांगतो: पहाटे साडेचारला त्याची पिकअप गाडी निघते. सात-आठ गावांच्या फाट्यांवर शेतकरी कॅन घेऊन उभे असतात. ते कॅन उचलीत उचलीत गाडी शीतकरण केंद्रावर जाते, आणि संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. भूम-वाशीचा हा पट्टा बालाघाटच्या डोंगररांगांतला, पावसाच्या बाबतीत नेहमीच उपाशी. शेतीने दगा दिला की गोठाच घर तारून नेतो. कुंथलगिरीच्या ज्या खव्याचे आणि पेढ्यांचे आपण कौतुक करतो, त्याच्या मुळाशी हेच दूध आहे. उन्हाळ्यात थंड न केलेले दूध चार-पाच तासांत नासते. म्हणजे गाडी वाटेत अडली तर ती नुसती गाडी अडत नाही. पन्नास घरांची सकाळ अडते.

आणि ती अडली होती. भाच्याची आधीची गाडी एका लहानशा विजेच्या भागासाठी अकरा दिवस एका कार्यशाळेच्या आवारात उभी होती. भाग तळहातावर मावेल एवढा. पण तो ‘वरून’ यायचा होता. पहिले तीन दिवस शेजारच्या गावातल्या एकाने आपल्या गाडीत दूध उचलून उपकार केले. चौथ्या दिवसापासून तो उपकार कायमचा झाला, आणि लाईनीतली दोन गावे त्याच्याकडे गेली ती गेलीच. म्हणून नवी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा ताईने पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या आणि भाच्याने मला फोन केला, “मामा, तुमी सांगा, कोणची घेऊ?”

मला विचारण्याचे कारण असे की, एकतीस वर्षे मी एका विमा कंपनीसाठी मोटारींच्या नुकसानीची पाहणी करीत होतो. चालत्या गाडीपेक्षा बंद गाडीशीच माझी ओळख अधिक. आणि या नोकरीत कितीतरी लोकांना जी गोष्ट सांगून मी त्यांचा राग ओढवून घेतला, तीच भाच्याला आधी सांगितली. अपघात, आग, चोरी, पूर यांचे पैसे विमा देतो. यंत्र आपणहून बिघडले किंवा झिजले तर सर्वसाधारण पॉलिसीत दमडी मिळत नाही. गाडी उभी राहून धंदा बुडाला, तर त्याचेही काही मिळत नाही. तेव्हा हा धोका ज्याचा त्याने, गाडी घेण्यापूर्वीच, डोक्याने उतरवायचा असतो.

आता गाड्यांची नावे. या देशात मालवाहू छोट्या गाडीचा संसार दोन घरांनी मांडला म्हणायला हरकत नाही. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीपगाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि १९५८ साली फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी निघाली. ‘टेम्पो’ हे मूळ एका जर्मन कारखान्याचे नाव. पण आपल्याकडे ते इतके रुजले की, कोणत्याही कंपनीची मालगाडी दारात आली तरी आपण ‘टेम्पो आला’ असेच म्हणतो. अलीकडच्या काळात या बाजारात वजनाची चढाओढ लागली. २०२२ साली टाटांनी दोन टन नेणारी योद्धा आणली. २०२३ मध्ये महिंद्रांनी बोलेरो मॅक्स पिकअपची एच्. डी. मालिका काढली, तीही दोन टनांपर्यंत पोचली. साहजिकच भाच्याच्या तोंडी दोन टनांखाली भाषा नव्हती. गावात दोन टनांची गाडी आली होती ना!

मी त्याला म्हटले, “कागद घे. तुझे वजन लिहू.”

सकाळची फेरी सहाशे लिटरची. चाळीस लिटरचे पंधरा कॅन. दुधाचे साधारण सहाशे वीस किलो, रिकाम्या कॅनांचे शे-सव्वाशे. झाले साडेसातशे. परतताना पेंडीची पोती आणतो, पन्नास किलोची वीस म्हणा, हजार किलो. म्हणजे गाडी कधीही एक टनाच्या फारशी वर जात नाही. दिवाळीच्या आधी तेरखेड्याहून फटाके आणण्याचेही कोणी सुचवले होते. तो माल असल्या गाडीतून न्यायचा नसतो, त्याला वेगळा परवाना लागतो, एवढे सांगून मी ते कलम खोडले.

“मग सव्वा टनाची घेऊ?” भाच्याचा चेहरा उतरला.

तसेही नव्हे. एक टन न्यायचे असेल तर दीड-पावणेदोन टनांची घ्यावी आणि एक टनच न्यावे. मधले जे रिकामे राहते ना, त्यालाच मी भरवसा म्हणतो. क्लच, पाटे, बेअरिंग, ब्रेक यांचे आयुष्य त्या रिकाम्या जागेत असते. आपल्याकडे मात्र नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट पाटे वाढवायला जाते. दोन पाटे जादा घातले की गाडी मागून बसत नाही, आणि मालकाला वाटते आपण ताकद वाढवली. वाढते ती फक्त उंची. जादा भार आसावर, सांगाड्यावर आणि ब्रेकांवर तसाच येतो. तुटलेले आस मी पुष्कळ पाहिले, आणि जुळ्या भावंडांसारखे वाढवलेले पाटे त्यांच्या शेजारी बहुतेक वेळा असत. शिवाय २०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, तो निराळाच.

या जिल्ह्याला हा हिशेब नवा नाही. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे पुढे येडशी, ढोकीवरून लातूरला गेली. अडीच फूट रुंदीचा तो चिमुकला मार्ग. तिचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. एवढ्या पथ्यावर त्या हलक्या रुळांनी पिढ्यान् पिढ्या माल वाहिला. आमच्या लहानपणी तिच्या मंद चालीची थट्टा करायची पद्धत होती.

वजन ठरले. आता माणसे विचारायची होती. गाडीच्या मालकाला ‘गाडी कशी आहे?’ असे विचारू नये. आपण पसंत केलेली वस्तू वाईट आहे असे कोण सांगेल? त्याला विचारावे, ‘शेवटी कधी उभी राहिली होती, कशासाठी, आणि किती दिवस?’ तीन प्रश्नांत खरे बाहेर पडते. मालकापेक्षा ड्रायव्हरला विचारलेले बरे. त्याहून बरे म्हणजे पार्टांच्या दुकानात जाऊन अर्धा तास नुसते बसावे. आम्ही तसे बसलो. भाच्याने एका गाडीचे पार्ट फळीवर ढीगभर पाहिले आणि म्हणाला, “मामा, ही लई बिघडत असणार.” दुकानदार हसला. त्याच्या मते उलटेच होते: ज्या गाडीचे पार्ट तो उधारीवर भरून ठेवतो, ती रस्त्यावर हजारोंनी आहे, आणि तिचा मालक संध्याकाळी पार्ट घेऊन रात्री गाडी सुरू करतो. दुसऱ्या एका गाडीची फळी स्वच्छ होती. तिचे काही बिघडत नव्हते असे नाही. बिघडल्यावर मागवावे लागत होते. मला तरी वर्षात चारदा दोन-दोन तास अडणारी गाडी, वर्षात एकदाच अकरा दिवस अडणाऱ्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. निदान दुधाच्या धंद्यात.

कार्यशाळा किती दूर आहे, हाही त्यातलाच प्रश्न. पूर्वीचे डिझेल इंजिन चिंचेखाली बसून मिस्त्री उघडत असे. आता इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने फवारले जाते. आपल्या मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, यावरून कल्पना यावी. त्या फवाऱ्याच्या छिद्रात पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण गेला की हजारोंचा खर्च. म्हणून पिंपातले डिझेल बंद, आणि फिल्टरमधले पाणी ठरल्या दिवशी काढायचेच. बिघाड ओळखायला पान्याआधी संगणक लागतो. तेव्हा ‘मिस्त्री कोण?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तपासणीचे यंत्र कोणाकडे?’ हेही विचारावे लागते.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट शोरूममधल्या गोड बोलणाऱ्या मुलाने सांगितली नव्हती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम आला आणि डिझेलच्या धुराला चाळणी बसली. धुरातली काजळी या चाळणीत अडकते. गाडी लांबच्या रस्त्यावर एका वेगाने धावली की धूर चांगला तापतो, आणि सहाशे अंशांच्या आसपास ती काजळी जळून चाळणी मोकळी होते. आता भाच्याचा फेरा आठवा. दोन किलोमीटर गेले की थांबा, कॅन चढवा, इंजिन चालूच, पुन्हा दोन किलोमीटर. अशा चालीत धूर हवा तितका तापत नाही, चाळणी भरत जाते, आणि समोर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केले की गाडी आपला जोर आखडते. पुढे ती कार्यशाळेतच न्यावी लागते. दोष गाडीचाही नाही आणि माणसाचाही नाही. कामाची आणि यंत्राची पत्रिका जुळत नाही एवढेच. ज्याला रोज असे तुटक फेरे करायचे आहेत त्याने खरेदीपूर्वी विचारलेच पाहिजे: दिवा लागल्यावर काय करायचे, उभ्या जागी चाळणी साफ करण्याची सोय या गाडीत आहे काय, आणि ती कोण करून देतो?

काही गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचे द्रावणही लागते. शेतकऱ्याच्या घरात युरियाची पोती असतातच. पाण्यात कालवून टाकीत ओतावा असा मोह होतो. तसे करणाऱ्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेल चोळलेला येतो. तो पिकाला चांगला, फवाऱ्याला विष.

हमीपत्राचे एक वाक्य भाच्याकडून मी मोठ्याने वाचून घेतले. समजा, हमी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. त्याची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर चालते आणि दूध रविवार पाळत नाही. वर्षाचे झाले साडेछत्तीस हजार. म्हणजे लाख किलोमीटर पावणेतीन वर्षांतच संपतात, आणि कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे! उरलेल्या सव्वादोन वर्षांसाठी महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकायची, असे ताईने तिथेच ठरवून टाकले. तिने तो हप्ता स्वतःच्या नावे पोस्टात ठेवला. मुलाच्या हाती दिला नाही, हे मला फार आवडले.

शेवटी दोन टनांची नाही आणि अगदी नव्या नवलाईची तर नाहीच, अशी एक मधली गाडी घेतली. तिचे इंजिन बाजारात काही वर्षे चाललेले होते आणि तिचे पार्ट त्या दुकानदाराच्या फळीवर होते. रंग भाच्याच्या मनाजोगता मिळाला नाही. पाटे वाढवले नाहीत. एका पाटीऐवजी गाडीत एक वही ठेवली, तीत डिझेल, फिल्टर, तेल आणि ‘किती वेळ उभी’ एवढेच लिहायचे.

यंदा श्रावणात ती वही मी चाळली. सर्वांत मोठा मुक्काम पाच तासांचा होता. दिवा एकदा लागला होता, संध्याकाळचे दूध पोचवल्यावर. भाचा रिकामी गाडी घेऊन पारगावला महामार्गावर चढला, चौपदरी रस्त्यावर एका चालीने येरमाळ्यापर्यंत गेला, आणि परतताना दिवा विझला. कॅन नाही, पोते नाही, एवढ्या रात्री गाडी घेऊन कुठे गेला होतास, असे गावात चार जणांनी विचारले. चाळणीची कथा सांगत बसण्याचा त्याला कंटाळा आला असावा. तो म्हणाला, “येडाईच्या दर्शनाला.”