शर्यतीचा सुरक्षा पट्टा

शर्यतीच्या मोटारगाडीतील चालकाला आसनाशी घट्ट जखडून ठेवणाऱ्या आणि गाडीच्या सांगाड्याला चार, पाच, सहा किंवा अधिक ठिकाणी बांधलेल्या पट्ट्यांच्या संचाला शर्यतीचा सुरक्षा पट्टा किंवा हार्नेस असे म्हणतात. नेहमीच्या गाडीत उत्पादकाने बसविलेला पट्टा तीन ठिकाणी बांधलेला असतो. त्याऐवजी शर्यतीचा पट्टा बसविल्यास गाडी अधिक सुरक्षित होते, अशी समजूत हौशी वाहनधारकांत आढळते. ती सर्वस्वी खरी नाही. शर्यतीचा पट्टा हे स्वतंत्र साधन नसून विशिष्ट आसन, पोलादी पिंजरा, शिरस्त्राण आणि मानेचे रक्षण करणारे साधन यांच्यासह तयार होणाऱ्या व्यवस्थेचा तो एक घटक आहे. इतर घटकांवाचून तो एकटाच बसविल्यास संरक्षण वाढण्याऐवजी घटण्याचा संभव असतो.

तत्त्व : धावती गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळून थांबली, तरी आतील व्यक्ती जडत्वामुळे मूळ वेगानेच पुढे जात राहते. पट्टा तिला गाडीशी जोडून ठेवतो आणि गाडीचा पुढील भाग चुरगळत असताना मिळणाऱ्या अंतराचा लाभ तिला करून देतो. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी ७० किग्रॅ. वजनाची व्यक्ती अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तिच्यावरील सरासरी बल सु. १,३७५ किग्रॅ. वजनाइतके भरते. एवढे बल शरीराने सहन करावयाचे, तर ते छातीचा पिंजरा, खांदे व कमरेचा हाडांचा सांगाडा यांसारख्या बळकट भागांवरच यावे लागते. पोट आणि मान यांवर ते येता कामा नये. पट्ट्यांच्या रचनेतील बहुतेक सर्व नियम याच एका गरजेतून निघालेले आहेत.

इतिहास : स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी तीनबिंदू पट्टा १९५९ मध्ये प्रचारात आणला व कंपनीने त्याचे एकस्व इतर उत्पादकांना खुले ठेवले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा लावणे सक्तीचे केले. फॉर्म्युला वन शर्यतींत सहाबिंदू पट्टा १९७२ पासून अनिवार्य झाला. धड घट्ट बांधले गेल्यामुळे चालक वाचू लागले; परंतु धड जागीच थांबते आणि शिरस्त्राणामुळे जड झालेले डोके मात्र पुढे फेकले जाते, ही नवी अडचण पुढे आली. या झटक्याने कवटीचा तळ भंगून मृत्यू ओढवू शकतो. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० नंतरच्या दशकात खांद्यावर बसणारी एक चौकट तयार केली. तिला ‘हान्स’ हे नाव मिळाले. शिरस्त्राण छोट्या दोऱ्यांनी या चौकटीला जोडलेले असते आणि चौकट खांदेपट्ट्यांखाली दाबून धरलेली असते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीत डेल अर्नहार्ट यांचा कवटीचा तळ भंगून मृत्यू झाल्यानंतर अशा साधनांचा प्रसार वेगाने झाला. फॉर्म्युला वनमध्ये हे साधन २००३ पासून सक्तीचे आहे.

रचना : पट्टा पॉलिएस्टर धाग्यांचा विणलेला असतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर निघणारे कापड रुंद पन्ह्याचे असते, तर हा पट्टा अरुंद मागावर, अतिशय घट्ट विणीने व दोन्ही कडा बांधून विणतात. त्यातील भार मुख्यतः ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पेलतात. बाण्याचे आडवे धागे त्यांना एकत्र धरून ठेवतात. त्यामुळे कडेला पडलेली लहानशी चीरही पट्ट्याचे बळ लक्षणीय प्रमाणात कमी करते. शर्यतीच्या पट्ट्यांची रुंदी सामान्यतः ७५ मिमी. किंवा ५० मिमी. असते. संचात दोन खांदेपट्टे, दोन भागांचा कंबरपट्टा आणि पायांमधून येणारे एक किंवा दोन जांघपट्टे असतात. सर्व पट्टे पोटाजवळील एकाच गोल बकलात अडकतात व बकलाची कळ फिरविताच एकदम सुटतात.

चारबिंदू संचात जांघपट्टा नसतो. धक्क्याच्या वेळी खांदेपट्टे बकलाला वर ओढतात, कंबरपट्टा हाडांवरून निसटून पोटावर चढतो आणि व्यक्ती त्याखालून पुढे घसरते. यामुळे यकृत, प्लीहा, आतडी इ. अवयवांना गंभीर इजा होऊ शकते. जांघपट्टा बकलाला खाली धरून ठेवून ही घसरण टाळतो. जर्मनीतील श्रोथ कंपनीच्या काही चारबिंदू संचांत एका खांदेपट्ट्यात धक्क्याने उलगडणारी घडी ठेवून धड किंचित वळेल अशी योजना केलेली असते. तथापि सर्वसाधारण चारबिंदू पट्ट्यात अशी सोय नसते.

बसविण्याचे नियम : आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार खांदेपट्टे आसनाच्या पाठीवरून मागे जाताना क्षैतिज पातळीच्या खाली ४५° हून अधिक कलू नयेत, हा कोन १०° पर्यंतच ठेवणे इष्ट समजले जाते. नेहमीच्या गाडीत पुष्कळदा हे पट्टे मागील आसनाजवळच्या जमिनीतील बोल्टांना बांधलेले दिसतात. त्यामुळे ते तीव्र उतारावर येतात. ४५° कोनात मागील पट्ट्यातील ताणाचा सु. ७० टक्के भाग खांद्याला खाली दाबतो आणि तो दाब पाठीच्या कण्यावर येतो. वरून पाहता आसनाच्या मध्यरेषेशी या पट्ट्यांचा कोन २०° हून अधिक नसावा. कंबरपट्टा मांडी व कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसावा व आसनाच्या बाजूच्या भोकांतून खाली जावा. नेहमीच्या आसनाला अशी भोके नसतात आणि त्याच्या पाठीचा माथा पट्ट्यांचा भार घेण्यासाठी बनविलेला नसतो.

पट्टा जेथे सांगाड्याला जोडला जातो त्या प्रत्येक बंधनबिंदूने १,४७० डेकान्यूटन म्हणजे सु. १,५०० किग्रॅ. वजनाइतका भार सोसला पाहिजे. जांघपट्ट्यासाठी ही मर्यादा ७२० डेकान्यूटन आहे. नवा बंधनबिंदू करताना किमान ४० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची व ३ मिमी. जाडीची पोलादी पट्टी आधाराला घालावी लागते. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असल्याने नुसत्या वायसरवर कसलेला बोल्ट धक्क्यात पत्रा फाडून बाहेर येऊ शकतो.

रस्त्यावरील गाडीतील अडचणी : तीनबिंदू पट्ट्याला गुंडाळणारी यंत्रणा असते. सावकाश हालचाल केल्यास ती पट्टा सैल सोडते व झटका बसताच अडवते. आधुनिक गाड्यांत स्फोटक द्रव्याच्या साहाय्याने पट्टा क्षणार्धात ओढून घेणारे पूर्वताणक आणि छातीवरील भार मर्यादेबाहेर जाऊ न देणारी योजनाही असते. एअरबॅग फुगण्याची वेळ या पट्ट्याला धरूनच ठरविलेली असते. मूळ पट्टा काढल्यास ही सर्व साखळी तुटते.

दुसरी अडचण गाडी उलटण्याची. तीनबिंदू पट्ट्यात धड काही प्रमाणात बाजूला झुकू शकते. शर्यतीच्या पट्ट्यात ते ताठ राहते. छत खाली दबल्यास त्याचा भार डोके व मान यांवर येऊ शकतो. म्हणून शर्यतीच्या गाडीत छताखाली पोलादी पिंजरा असतो. पिंजरा बसविला की त्याच्या नळ्या डोक्याजवळ येतात व किरकोळ अपघातातही त्यांवर डोके आपटू शकते. म्हणून शिरस्त्राण आवश्यक ठरते. शिरस्त्राणाने डोक्याचे वजन वाढते. म्हणून मानेचे साधन लागते. अशा रीतीने एक घटक दुसऱ्याची मागणी करतो आणि अखेरीस गाडी दैनंदिन वापराला निरुपयोगी होते. पिंजऱ्याऐवजी पुढील आसनांमागे केवळ आडवी नळी बसविल्यास मागे बसणाऱ्याचे डोके तिच्यावर आदळण्याचा धोका उत्पन्न होतो.

तिसरी अडचण दैनंदिन वाहतुकीची आहे. भिवंडी (जि. ठाणे) हे यंत्रमागांचे व गोदामांचे शहर मुंबई–आग्रा महामार्गावर असून त्याच्या परिसरात मालमोटारी, कंटेनर, रिक्षा, दुचाकी व पादचारी एकाच रस्त्यावर वावरतात. अशा ठिकाणी चालकाला वारंवार पुढे वाकून आडरस्त्याचा अंदाज घ्यावा लागतो, मान व खांदा वळवून बाजूची दुचाकी पाहावी लागते. शर्यतीचा पट्टा योग्य तेवढा कसल्यास हे शक्य होत नाही. सैल ठेवल्यास त्याचा उपयोग नाहीसा होतो. अपघातानंतर मदतीला येणाऱ्यांना नेहमीच्या पट्ट्याची लाल कळ परिचित असते. फिरवून सोडावयाचे गोल बकल तितके परिचित नसते.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ (३) अन्वये चालकाने, पुढील आसनावरील व्यक्तीने आणि पुढे तोंड असलेल्या मागील आसनावरील व्यक्तींनी पट्टा लावणे आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम १९४-ब नुसार त्याचा भंग केल्यास १,००० रु. दंड होतो. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांवर कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत पट्टे व बंधनबिंदू यांच्या चाचण्या होतात. शर्यतीसाठीचे प्रमाणपत्र व रस्त्यावरील वापराची मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ पट्टा न लावल्याचा इशारा देणारा आवाज बंद करण्यासाठी बकलात रिकामी पट्टी खोचण्याचा प्रकार सर्रास होऊ लागल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा पट्ट्यांची संकेतस्थळांवरील विक्री थांबविण्याचे आदेश दिले.

महाराष्ट्रातील अनुभव : हार्नेस लावलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर रीतसर येते ती रॅलीच्या निमित्ताने. राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही स्पर्धा नाशिक परिसरात भरली आहे. रॅलीत वेळेची स्पर्धा बंद केलेल्या मार्गावर होते आणि अशा दोन टप्प्यांमधील अंतर गाड्या रहदारीच्या रस्त्याने, नियम पाळून कापतात. या गाड्यांत पिंजरा, खोलगट आसन, हार्नेस व शिरस्त्राण ही सर्व व्यवस्था एकत्र असते आणि स्पर्धेपूर्वी तिची तपासणी होते.

याउलट ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व मागील आसनावरील त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे जखमी होऊनही वाचले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत गाडीतील सर्वांनी पट्टा लावण्याच्या नियमाची अंमलबजावणी कडक करण्यात आली. नेहमीच्या गाडीत उणीव बहुधा पट्ट्याची नसून तो लावण्याची असते, हे या घटनेवरून दिसून येते.

निगा : गाडी शर्यतीसाठी व रस्त्यासाठी अशी दोन्हीकडे वापरावयाची असल्यास मूळ पट्टे व त्यांची यंत्रणा कायम ठेवून रस्त्यावर तेच लावणे व हार्नेसचा वापर संपूर्ण व्यवस्थेसह बंद मार्गापुरताच मर्यादित ठेवणे हिताचे असते. पट्ट्याला सूर्यप्रकाश, तेल, बॅटरीतील आम्ल व घर्षण यांपासून जपावे लागते. लेबलावरील वैधतेची मुदत संपलेला, कडेला चिरलेला किंवा विटलेला पट्टा बदलतात. मोठ्या अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा वरून धडधाकट दिसला, तरी त्याचे धागे कायमचे लांबलेले असल्याने तो पुन्हा वापरीत नाहीत.