मेस्मेरिझम आणि नजरेचा जोर

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, जिथे क्रमिक पुस्तकांपासून पोथ्यांपर्यंत सारे काही मिळते, तिथे ‘नजरेने माणूस वश करायचे ते मेस्मेरिझमचे पुस्तक आहे का?’ ही पृच्छा आजही कानी पडते. आणि पृच्छकाची ठाम समजूत अशी, की ‘मेस्मराइज’ हा शब्द कुठल्याशा प्राचीन मोहिनीमंत्राचा इंग्रजी अवतार असून धारदार दृष्टी हे त्या विद्येचे हत्यार होय. ही समजूत साफ निराधार आहे.

त्या शब्दात मंत्र नाही. आहे ते एका डॉक्टरचे आडनाव. फ्रान्झ अँटोन मेस्मर (1734–1815) हा व्हिएन्नात वैद्यक शिकलेला गृहस्थ. प्राणिमात्रांतून एक अदृश्य द्रव वाहतो व त्याची कोंडी झाली की रोग उद्भवतो, असा त्याचा सिद्धांत. 1778 मध्ये तो पॅरिसला आला आणि त्याने एक भले मोठे झाकणबंद लाकडी पिंप मांडले. आत पाण्याच्या बाटल्या व लोखंडाचा कीस, बाहेर वाकड्या सळया, आणि त्या सळया दुखऱ्या अवयवाला टेकवून भोवती बसलेले रोगी! तो रोग्याच्या डोळ्यांत रोखून पाही, हे खरे; पण दावा त्या द्रवाचा होता, वशीकरणाचा नव्हे.

1784 मध्ये सोळाव्या लुईच्या फर्मानाने चौकशी समिती बसली. तीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनज्ञ लाव्हाझिए आणि डॉक्टर गियोटँ होते. (या गियोटँचेही आडनाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटले, आणि 1794 मध्ये लाव्हाझिए त्याच यंत्राखाली गेला.) मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने फ्रँकलिनच्या बागेतले एक जर्दाळूचे झाड ‘भारित’ केले, मग समितीने डोळे बांधलेल्या 12 वर्षांच्या मुलाला भलत्याच झाडांना मिठ्या मारावयास लावले, तेव्हा तो चौथ्या झाडापाशी, म्हणजे भारित झाडापासून सुमारे 24 फुटांवरच, मूर्च्छित पडला. द्रव खोटा, कल्पनाशक्ती खरी, असा निकाल समितीने दिला. तो अहवाल छापील आहे, शंकेखोरांनी अवश्य वाचावा. मुलाचे डोळे बांधलेले होते, तर मग नजरेचा जोर गेला कुठे?

‘पण हुगळीला डॉक्टर एस्डेलने 1845 पासून मेस्मेरिझमने वेदनारहित शस्त्रक्रिया केल्या ना?’ केल्या; परंतु त्यासाठी त्याचे सहायक रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत बसत. एका कटाक्षात काम फत्ते झाल्याचा दाखला तिथेही नाही.

किरकोळ भ्रम आणखी आहेत. हिप्नॉटिझम म्हणजे निद्रा नव्हे. ते नाव रूढ करणाऱ्या जेम्स ब्रेडलाच पुढे ते बदलावेसे वाटले. ‘ग्लॅमर’ हा शब्द सिनेमाने जन्मास घातलेला नाही. स्कॉटलंडात ‘ग्रामर’चाच तो अपभ्रंश झाला, कारण व्याकरण जाणणारा पंडित अडाण्यांना जादूगार वाटे.

राहिला नजरेने वश करून देणारा गुरू. अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसविणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा असून त्यास 6 महिने ते 7 वर्षे कैद आहे. फिर्याद देण्यासाठी बुधवार पेठेतल्या रहिवाशाला फरासखाना पोलीस ठाण्यापलीकडे जावे लागत नाही.