परड्यातला चरक भंगारात घालू नका



शिवार फेरीत आम्ही पाहतो, परड्यात पडलेला लोखंडी चरक, गुऱ्हाळाची काहील, मोटेचे चाक भंगारवाल्याला किलोवर जाते. आता आपल्याच काही सभासदांच्या घरच्या महिलांनी जुन्या वस्तूंचा बाजार व शेजारी खानावळ काढायचे मनावर घेतले आहे. त्यांना साथ द्यायला हवी.

मध्यंतरी आम्ही भाईंदरजवळच्या चौक गावी गेलो होतो. कोळ्यांची वस्ती. तेथला धारावी किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. तो पाहायला शहरातली माणसे येतात, वाळत घातलेल्या बोंबलांपाशी थांबतात. आलेल्या माणसाला भूक लागतेच! पुण्याच्या जुन्या बाजारात तर बुधवारी आणि रविवारी असलेच लोखंड-पितळ विकायला मांडतात.

काहील बघायला आलेला पिठलं-भाकरी खाईल, जेवायला आलेला तांब्या विकत नेईल. गूळ-काकवी आपल्याच गुऱ्हाळाची. मात्र पितळी भांड्यात आमटी ठेवायची तर कल्हई ताजी हवी. शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी मांडू नयेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो.

आणि उधारी नको. आमच्या पाहण्यात खेड्यातली खानावळ बहुधा गावच्याच उधारीने बसते. चहा प्याला की पैसे टाका, बिलाची वाट बघायला लावू नका.

ज्यांच्याकडे चरक, काहील असेल त्यांनी शेतकी गट कार्यालयात नाव नोंदवावे. विकायचे नसेल तर नुसते मांडायला दिले तरी चालेल.