पारध्याच्या हातातली पिशवी

हरभरा काढणीच्या दिवसांत अहमदपूर तालुक्यातल्या एका गावाबाहेर, रस्त्याकडेच्या लिंबाखाली, दहा-बारा जणांनी दोघा भावांना अडवून बसवलं होतं. थोरल्याची पिशवी मातीत उपडी केलेली. तिच्यातून निघालं ते एवढंच: विळा, कालवणाचा डबा, फडक्यात बांधलेल्या चार भाकरी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला जातीचा दाखला. दाखल्यावर ‘फासेपारधी’ हा शब्द वाचला आणि गर्दीतला एकजण म्हणाला, “बघा, मी म्हणलं नव्हतं?” ज्या कागदाच्या आधाराने त्या माणसाला संरक्षण मिळायचं, तोच कागद त्याच्यावरचा पुरावा ठरला.

“शिकारीला बंदी आहे ना, मग पारधी रानात येतोच कशाला?” नांदेड-लातूरच्या गावांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. पारावर ऐकलंय, एसटीत ऐकलंय, शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. तो हरभरा काढायला येतो, तूर कापायला येतो, ऊसतोडीला येतो. तुमच्याच गावच्या बागायतदाराने त्याला उचल देऊन आणलेलं असतं. मुळात रानात यायला त्याने कारण सांगावं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

“पण ती गुन्हेगार जमात, सरकारी कागदावरच आहे,” असं यावर ऐकवलं जातं. सरकारी कागदावर होतं, हे खरं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आख्ख्या जमातींवर जन्मापासून पाळत बसवली. हजेरी, ठरलेली हद्द, हद्दीबाहेर जायला परवानगी. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो मोडीत काढला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. फासेपारधी आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्यानंतर आलेले सराईत गुन्हेगारांचे कायदे आहेत ते एकेका माणसासाठी, त्याच्यावर शाबीत झालेल्या गुन्ह्यांवरून, जातीसाठी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अटकेविषयीची मार्गदर्शक तत्त्वं पाळा, असं पोलिसांना बजावलं आहे. आडनावावरून ओळखू म्हणावं, तर पारध्यांत काळे, पवार, भोसले, शिंदे, चव्हाण अशीच आडनावं आहेत. अडवणाऱ्यांतही तीच होती.

आता शिकारीचं. पारध हा यांचा पिढीजात धंदा होता, हे कुणी नाकारत नाही. तितरासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास, सशा-हरणासाठी वाघूर म्हणजे जाळं, गळ्यातून हुबेहूब तितराचा आवाज. संस्थानिकांच्या पदरी चित्ते पाळून हरणं मारणारे चित्तापारधी होते, साहेबाच्या शिकारीत माग काढणारेही तेच. ही सगळी शिकार तेव्हा राजरोस होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हासुद्धा शिकार एका फटक्यात बंद झाली नव्हती. मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा, इतकंच काय, जिवंत प्राणी-पक्षी पकडण्याचाही परवाना त्या कायद्यात होता. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले. म्हणजे आज पन्नाशी-साठीला आलेल्या पारध्याच्या हयातीतच बापाचं कसब गुन्हा ठरलं. बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्याची हौस गेली, पारध्याची भाकर गेली. बंदी योग्यच होती. माळावरची काळविटं त्या बंदीमुळेच वाचली, असं मी मानतो. पण भाकर गेली त्याला गायरानाचा तुकडा तरी कसू द्यायचा, तर तिथेही गाव आडवं येतं.

झडतीचं तर विचारूच नका. त्या लिंबाखाली ज्यांनी पिशवी उपडी केली, त्यांच्यातल्या एकालाही तो अधिकार नव्हता. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० प्रमाणे झडती घेता येते ती वनाधिकाऱ्याला, किंवा फौजदाराच्या हुद्द्यापासून वरच्या पोलीस अधिकाऱ्याला, आणि तीही संशयाला सबळ कारण असेल तरच. सामान्य माणसाला एखाद्याला पकडता येतं, पण दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर, किंवा तो फरार घोषित गुन्हेगार असेल तर. अशा वेळीही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाकारण वेळ न लावता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांकडे सोपवावं लागतं. बांधणं, मारणं, व्हिडिओ काढून गावभर फिरवणं यातलं काहीच त्यात बसत नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळच्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली, एवढीच अफवा होती. जात-जमात बघून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आता जन्मठेप किंवा फाशी आहे. पारधी अनुसूचित जमातीचे असल्याने ॲट्रॉसिटीचा कायदाही लागू होतो.

रानडुकराचा विषय मात्र सावकाश समजून घ्यायला हवा, कारण पारधी सगळ्यात जास्त फसतो तो इथे. “सरकारने डुकरं मारायला मोकळीक दिलीय,” असं शेतकरी छातीठोकपणे सांगतो. भुईमूग, मका, ऊस एका रात्रीत लोळवलेला पाहिला की त्याची तगमग कळते. पण मोकळीक दिलेली नाही. कलम ६२ खाली एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करायचा अधिकार केंद्राचा. बिहार, उत्तराखंड, हिमाचलसाठी २०१५-१६ मध्ये तशा अधिसूचना निघाल्या, त्याही ठरावीक भागापुरत्या आणि ठरावीक मुदतीच्या. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामाला रोही मारले गेले ते त्यातलेच. महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे, कलम ११ ची: पिकाचं नुकसान दाखवून अर्ज करायचा आणि लेखी परवानगी घ्यायची. राज्य सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही पद्धत सोपी केली. सोपी झाली तरी परवानगी लेखीच लागते. आणि कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं. त्याचे वाटे घालता येत नाहीत.

होतं काय, की मालक पारध्याला सांगावा धाडतो, “ये, दोन डुकरं धर, मी आहे.” पारधी वाघूर घेऊन येतो. कुणीतरी फोन करतं, गाडी येते आणि ‘मी आहे’ म्हणणारा तेवढ्यात घरी गेलेला असतो. सापडतो तो जाळ्यासकट पारधी. तोंडी बोलावणं म्हणजे परवानगी नाही. परवानगीचा कागद, कुणी मारायचं त्याचं त्यात नाव आणि मुदत, एवढं हातात असल्याशिवाय वाघुरीला हात लावू नये, मालक कितीही जवळचा असो. आणि कागद असताना कुणी अडवलं तर हमरीतुमरीवर न येता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. कागद खरा की खोटा हे ठरवणं त्यांचं काम, गावकऱ्यांचं नाही.

बाकीचे समज थोडक्यात. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गायरान, पड किंवा स्वतःचं शेत, वन्यजीव कायदा सगळीकडे लागू आहे. किनवट-माहूरकडे कुणी सांगतं की वनहक्क कायद्याने आदिवासींना शिकारीचा हक्क मिळाला. २००६ च्या त्या कायद्याने शिकार आणि फासे लावणं स्पष्ट शब्दांत वगळलंय. घोरपड किरकोळ नाही, ती काळवीट आणि मोरासारखीच पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. कुंपणात करंट सोडणं हा बंदोबस्त नाही, गुन्हा आहे. त्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो.

“ते सुधारत नाहीत,” हेही ऐकतो. तुळजापूरजवळ यमगरवाडीला पारध्यांची पोरं शिकतायत, तो प्रकल्प गिरीश प्रभुणे यांच्या कामातून उभा राहिला. लातूरहून ते काही लांब नाही. अकोला-वाशीमकडे फासेपारधी ‘संवेदना’ संस्थेबरोबर गवताळ माळ आणि त्यातला दुर्मिळ तणमोर राखतात. बापाने ज्या डोळ्यांनी पाखरू हेरलं, त्याच डोळ्यांनी लेक त्याचं घरटं शोधतो.

त्या दिवशी लिंबाखाली शेवटी शेतमालक मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, “माझीच माणसं हायत, सोडा.” सोडलं. कुणी माफी मागितली नाही. थोरल्याने भाकरीवरची माती झटकली, दाखला पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. मी त्याला सांगितलं, की अनुसूचित जमातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन लाव. त्याने धाकट्याकडून बॉलपेन मागून घेतलं आणि तो आकडा दाखल्याच्या पाठीवर लिहून घेतला.